मुरलेल्या संसाराची प्रेमकथा: पंचेचाळीस मिनिटांची विनोदी एकांकिका कशी लिहायची आणि कशी बसवायची

लग्नाला ३३ वर्षं झालेलं जोडपं रंगमंचावर आणलं की पहिली अडचण लगेच येते. त्यांना एकमेकांशी बोलायला काही उरलेलंच नसतं. "गॅस बंद केलास?" "हो." "दूधवाला?" "येऊन गेला." झालं, संवाद संपला. तरुणांच्या प्रेमकथेत दोघं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून गंमत येते. इथे दोघं एकमेकांना इतकं ओळखतात की बघायचंच सोडून दिलंय.

या कोरड्या विहिरीतून पाणी काढायचं हे दिसतं त्याहून अवघड आहे. पण हौशी मंडळांना मी हाच विषय सुचवतो. मोठा सेट लागत नाही, नाच लागत नाही, आणि पन्नाशी-साठीचे हौशी कलाकार प्रत्येक सोसायटीत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतसुद्धा, वर्षभर कोणीतरी बोलावण्याची वाट बघत असतात.

मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आम्ही बसवलेली 'साठीशांत' नावाची एकांकिका. पात्रं चार: मधुकर, सुलभा, त्यांची मुलगी केतकी आणि एक गुरुजी. जागा: डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

पायरी १ : कथानक बाजूला ठेवा, आधी सवयींची वही करा

बहुतेक लेखक इथेच घसरतात. 'काय घडेल?' हा प्रश्न आधी विचारतात. तुम्ही पंधरा दिवस एक वही घ्या आणि आजूबाजूच्या जुन्या जोडप्यांच्या फक्त सवयी टिपा. आईवडील, काका-काकू, लोकलमध्ये समोर बसलेलं जोडपं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसूनही वेगवेगळ्या दिशांना बघणारं जोडपं. चाळीस नोंदी होईपर्यंत लिहायला बसू नका.

टिपायचं ते इतकं बारीक असू द्या: तो सोफ्यावर कुठल्या टोकाला बसतो. ती त्याच्या ताटात आधी काय वाढते. फोन आला की कोण कोणाकडे देतं. दोघांत वाचायचा चष्मा एकच आहे का, आणि असेल तर तो नेहमी कोणाच्या नाकावर सापडतो. भांडण झाल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं, आणि ते वाक्य कशाबद्दल असतं. (माझ्या वहीत ते वाक्य बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीबद्दल निघालं.)

चाळीसातून तीन निवडा. निवडताना कसोटी एकच: ही सवय एखाद्या वस्तूला चिकटलेली आहे का? 'तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो' हे रंगमंचावर दाखवता येत नाही. 'तो तिचा चष्मा न विचारता घालतो' हे दाखवता येतं. आम्ही निवडलेल्या तीन वस्तू: स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे, एकुलता एक चष्मा, आणि पेपरातलं शब्दकोडं, जे सुलभा रोज दुपारी पेन्सिलने सोडवते. प्रत्येक वस्तू तीनदा आली पाहिजे, आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा सरकलेला असला पाहिजे. चौथ्यांदा आणायचा मोह होतो. आणू नका.

पायरी २ : खलनायक ठरवा, म्हणजे ठरवू नका

या प्रकारात तिसरं माणूस आणायची खोड फार आहे. ऑफिसातली जुनी मैत्रीण, शेजारी राहायला आलेले विधुर, शाळेच्या ग्रुपवर भेटलेला वर्गमित्र. मत्सर पेटवला की संसार पेटेल अशी समजूत. मत्सर पेटतो खरा, पण मग नाटक त्या तिसऱ्याचं होतं आणि आपलं जोडपं प्रतिक्रिया देत बसतं.

दुसरी खोड गैरसमजाची. माझी स्वतःची पहिली अशी एकांकिका गैरसमजावर उभी होती. नवऱ्याच्या खिशात एक निनावी चिठ्ठी सापडते आणि पुढे अर्धा तास सगळी धावाधाव. कोजागिरीला प्रयोग होता. विसाव्या मिनिटाला दुसऱ्या रांगेतल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगं, विचार ना त्याला सरळ!" प्रेक्षागृह हसलं, त्या हशाला नाटकात जागा नव्हती, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही रेटत नेली. काकूंचं बरोबर होतं. लग्न ठरलेली मुलगी असा प्रश्न गिळेल, ३३ वर्षं संसार केलेली बायको गिळणार नाही. तिने त्याचे खिसे धुण्याआधी हजारदा रिकामे केलेत.

इथला अडथळा सवय हाच. सवय दुष्ट नसते, म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही, आणि विनोद नेमका तिथून निघतो. दोघंही चांगली माणसं आहेत, कोणाचीही चूक नाही, तरी काहीतरी बिघडलंय, हे पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला कळलं पाहिजे.

पायरी ३ : सवय हलवणारी घटना आणि तारीख

सवय आपणहून हलत नाही, तिला बाहेरून धक्का लागतो. या वयातले खरे धक्के मोजकेच: मुलं घर सोडून जाणं, घर बदलणं, आजारपण, आणि निवृत्ती. विनोदासाठी निवृत्तीसारखं दुसरं काही नाही. ज्या घरावर ३३ वर्षं दुपारी एकटीचं राज्य होतं, त्या घरात एका सोमवारी सकाळी एक साहेब कायमचे मुक्कामाला येतात आणि स्वयंपाकघराची पाहणी सुरू करतात.

इथे एक बारीक हिशेब. मला निवृत्ती आणि साठीशांत एकाच महिन्यात हवी होती. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८व्या वर्षी होते, मग दोन वर्षांचं अंतर पडतं. राष्ट्रीयीकृत बँकेत ६०. म्हणून मधुकर बँकेत. असे तपशील चुकले तर प्रेक्षकांतला एखादा निवृत्त अधिकारी पुढचं सगळं नाटक त्याच एका गोष्टीवर विचार करत बघतो.

आता तारीख. केतकी पुण्याहून फोन करते: बाबांची साठीशांत दहा दिवसांनी, हॉल घेतला, गुरुजी ठरले, आणि हो, आई, त्या दिवशी तू नाव घ्यायचंस. सुलभा म्हणते, सगळं करीन, नाव घेणार नाही. का, ते सांगत नाही. लग्नात घेतलं होतं ते शेवटचं. त्यानंतर 'अहो', 'ऐकलंत का', 'आमचे हे' आणि 'केतकीचे बाबा'.

दोन ओळींचा उखाणा घ्यायचा की नाही, यावर पंचेचाळीस मिनिटांचं नाटक उभं राहतं का? राहतं. नकार छोटा असला की त्यामागचं कारण मोठं असणार हे प्रेक्षक लगेच ओळखतो आणि वाट बघतो.

पायरी ४ : जुनं दुखणं शोधा, पण ते हास्यास्पद असू द्या

बायकोने संसारासाठी गाणं सोडलं, नोकरी सोडली, नृत्य सोडलं, हे इतक्यांदा येऊन गेलंय की तंबोऱ्यावरची खोळ दिसली की प्रेक्षक पुढचं स्वतः सांगतो. खऱ्या आयुष्यात असे त्याग घडले नाहीत असं नाही. पण विनोदी एकांकिकेत दुखणं असं हवं की सांगताना सांगणाऱ्यालाच हसू यावं, आणि हसू ओसरल्यावर खाली काहीतरी टोचावं.

सुलभाचं दुखणं: मधुचंद्र. माथेरानला गेले होते. सोबत सासूबाई, आत्या आणि नणंद, कारण "त्यांनी तरी कधी माथेरान बघायचं?" नेरळहून निघणारी ती १९०७ पासूनची छोटी गाडी, रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, डबा एवढासा, गुडघ्याला गुडघा लागतो. त्या डब्यात नव्या नवरीला जागा मिळाली ती आत्या आणि पाण्याच्या कळशीच्या मधे. मधुकर खिडकीशी, आईला डोंगर दाखवत. वर माथेरानात मोटारी चालत नाहीत, म्हणजे चालतानाही पाच जणांची वरात. आत्याचे गुडघे, नणंदेचा घोडा, सासूबाईंची चिक्की. तीन दिवसांत दोघं एकटी म्हणून बोलली नाहीत.

हे दुखणं मला तीन कारणांसाठी चाललं. एक, त्यात कोणी दुष्ट नाही. दोन, एकत्र कुटुंबात वाढलेल्या प्रेक्षकांतल्या निम्म्या बायकांकडे याची स्वतःची आवृत्ती असते. आम्हाला प्रयोगानंतर महाबळेश्वरची एक आणि थेट काशीयात्रेची एक ऐकायला मिळाली. तीन, मधुकरला हा प्रवास 'फार मजेत झाला' म्हणूनच आठवतो. एकच आठवण, दोघांकडे वेगवेगळी. ही जोडी सापडली की अर्धी संहिता झाली असं समजा.

आणि हे दुखणं आधी फोडू नका. तिसाव्या मिनिटापर्यंत माथेरान फक्त मधुकरच्या तोंडून, गमतीदार आठवण म्हणून दोनदा येतं. सुलभा दोन्ही वेळा काही काम काढून आत जाते.

पायरी ५ : प्रसंगांची आखणी

माझा टंकलेखनाचा हिशेब ए-फोर कागदाला साधारण दीड मिनिट, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांना तीस पानं. हशासाठी दोन-तीन मिनिटं सोडा आणि अठ्ठावीस पानांवर थांबा.

पहिली नऊ मिनिटं: निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार. मधुकर डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतोय, 'साखर', 'रवा', 'मेथी'. बँकेत जमलं ते घरात का जमू नये? सुलभा बघते, काही बोलत नाही.

नऊ ते एकोणीस: केतकीचा फोन, उखाण्याला नकार, मधुकरचा गोंधळ. माथेरानची पहिली आठवण. शेवटी सुलभा एकटी असताना सगळ्या डब्यांतलं सामान बदलते आणि चिठ्ठ्या मात्र तशाच ठेवते. एक शब्द न बोलता, दीड मिनिटांचा मूकाभिनय. आमच्या प्रयोगातला सगळ्यात मोठा हशा इथे होता.

एकोणीस ते अठ्ठावीस: शब्दकोड्याचं भांडण. त्याबद्दल खाली.

अठ्ठावीस ते सदतीस: साठीशांत. गुरुजी, होम (दिवा आणि उदबत्तीवर भागवा, धुराने प्रेक्षक खोकतात), आणि उखाणा.

सदतीस ते चव्वेचाळीस: तीच दुपार, घर, दोघंच.

पायरी ६ : संवाद, आणि त्यातही 'अहो'

इथे घाई करू नका, कारण हे नाटक भाषेतच घडतं. मराठीत नवरा-बायकोची अख्खी उतरंड दोन हाकांत मावते: 'अहो' आणि 'अगं'. तो तिला 'तू', ती त्याला 'तुम्ही'. आज तिशीत असलेली बरीच जोडपी नावाने हाक मारतात. पण सुलभाच्या पिढीत नवऱ्याचं नाव हा जपून ठेवलेला दागिना असतो आणि तो फक्त उखाण्यात बाहेर निघतो. तेव्हा संहिता लिहून झाली की लाल पेन घ्या आणि ती त्याला कुठे कशी हाक मारते ते सगळं अधोरेखित करा. उखाणा सोडला तर शेवटच्या मिनिटापर्यंत चुकूनही नाव येता कामा नये. आमच्या दुसऱ्या खर्ड्यात सातव्या पानावर ते निसटलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण शेवट फुसका झाला असता.

आता भांडण. पहिला खर्डा असा होता:

सुलभा : तुम्हाला माझी काही किंमतच नाही. इतकी वर्षं या घरासाठी झिजले, पण माझ्या मनाचा कधी विचार केलात?
मधुकर : अगं, मी तुझ्यावर प्रेम करतो, पण व्यक्त करता येत नाही.

हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रेक्षकांना निवेदन देतायत. अशी वाक्यं लिहून झाली की फेकू नका. एका कागदावर वेगळी ठेवा, कारण पात्रांच्या मनात हेच आहे. मग तीच गोष्ट दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत सांगायची. सुधारलेला खर्डा:

सुलभा : हे कोणी लिहिलं?
मधुकर : काय?
सुलभा : सात उभं.
मधुकर : 'चिकाटी'. बरोबर आहे ते.
सुलभा : बरोबर आहे ते दिसतंय मला.
मधुकर : मग?
सुलभा : पेनाने लिहिलंत.
मधुकर : पेन हाताशी होतं.
सुलभा : हं. हाताशी असेल ते घ्यायचं.

ती शेवटची ओळ माझी लाडकी होती. तालमीत सुलभाचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ही ओळ लेखकाची आहे, माझी नाही. मी नुसता चष्मा काढते आणि पेपर घडी करून ठेवते." मला राग आला. मग तसं करून बघितलं, आणि ओळ गेली. ओळ फार चांगली वाटत असेल तर ती नटाला एकदा न बोलता करून दाखवायला सांगा.

तालाबद्दल एवढंच: जुन्या जोडप्याची वाक्यं अर्धी असतात, कारण उरलेलं अर्धं समोरच्याला माहीत असतं. "तो आपला हा..." "कुलकर्णी." "हां, तो गेला." अशा तीन-चार जागा ठेवल्या की ३३ वर्षं वेगळी सांगावी लागत नाहीत. आणि भांडण चालू असताना हातातली कामं थांबू देऊ नका. ती बोलता बोलता त्याच्या कपातली साय काढते. तो रागातच साय काढून झाल्यावर कप घेतो. हे घडायलाच हवं.

पायरी ७ : विनोद मोजा

संहितेतले सगळे हशे क्रमांक घालून लिहून काढा आणि पुढे लिहा, प्रेक्षक कोणाला हसतो. बायकोच्या वजनाला, स्वयंपाकाला, खरेदीला, माहेरच्यांना हसणारे विनोद मी सरसकट कापतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ते सकाळी नऊच्या आत सगळ्यांनी वाचलेले असतात. नवऱ्याला निव्वळ बावळट करणारेही कापा, कारण बावळट माणूस शेवटी बायकोचं मन जिंकतो यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मधुकर हुशारच आहे. फक्त त्याची हुशारी बँकेतली आहे आणि घराला तिची गरज नाही.

यादीत सुलभाने जाणूनबुजून केलेले विनोद निम्मे तरी हवेत. ती विनोदी आहे हे नवऱ्याला ३३ वर्षांनी पहिल्यांदा कळतं, आणि आमच्या नाटकात प्रेम पुन्हा जागं होतं ते नेमकं तिथे.

पायरी ८ : उखाणा

सगळं नाटक या दोन ओळींकडे चाललेलं असतं, म्हणून त्या सगळ्यात आधी लिहून ठेवाव्यात. माझ्या पहिल्या उखाण्यात मोगरा होता, चांदणं होतं, जन्मोजन्मीची गाठ होती. वाचनाला जमलेल्यांनी "छान" म्हटलं. 'छान' म्हणजे पडलं.

मग लक्षात आलं की नाव घेणं ही एकच जागा अशी आहे, जिथे सगळे गप्प बसून बाईचं ऐकतात आणि ती काहीही म्हणाली तरी टाळ्या वाजवतात. ३३ वर्षं न बोललेली तक्रार तिने तिथेच घातली तर? यमक तर भाषेने आधीच जुळवून ठेवलं होतं.

सुलभा : माथेरानच्या गाडीत होत्या सासूबाई, आत्या नि नणंद,
मधुकररावांशेजारी जागा मिळाली असती, तर झाला असता आनंद.

पहिली ओळ संपताच हशा येतो. दुसरीलाही येतो, पण अर्ध्यात तुटतो, कारण तोवर प्रेक्षकांची नजर मधुकरकडे गेलेली असते. त्याला त्या क्षणी डबा दिसतो, कळशी दिसते, आत्या दिसते. त्याला इथे एकही वाक्य देऊ नका. गुरुजी म्हणतात, "वा वा! आता यजमानांनी घ्या." आणि यजमानांना काही सुचत नाही. इथे अंधार.

तुमच्या नाटकात उखाणा नसेल, तरी असा एखादा संकेत शोधा जिथे खरं बोलायला परवानगी असते: पाडव्याचं ओवाळणं, हळदीकुंकवातल्या गप्पा, मुलीच्या लग्नातलं भाषण. दोघांना समोरासमोर बसवून मन मोकळं करायला लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पायरी ९ : माफी नको, कृती द्या

शेवटच्या प्रसंगात लेखकांचे हात फुलांच्या गुच्छाकडे आणि दोन तिकिटांकडे जातात. माथेरानची तिकिटं मीही लिहून बघितली. खोटी वाटली. तिकिटं कोणीही काढतं. जी गोष्ट फक्त याच माणसाने, फक्त हिच्यासाठी केली असती, ती शोधा.

भांडणात मधुकरने कोडं पेनाने भरलं होतं. पेन खोडरबराने जात नाही. तर शेवटी तो घामाघूम होऊन घरी येतो, हातात तीन दिवसांपूर्वीचा पेपर. कोडं कोरं. चार मजले फिरून, लोकांच्या रद्द्या उपसून आणलेला. एका कोपऱ्यावर भज्यांच्या तेलाचा डाग. तो पेपर टेबलावर ठेवतो, शेजारी टोक केलेली पेन्सिल ठेवतो, आपल्या नाकावरचा चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाने पुसतो आणि पेपरावर ठेवतो. "सात उभं मला माहितीये," म्हणतो, "पण सांगणार नाही." एवढंच.

पायरी १० : पात्रनिवड आणि तालमी

शक्यतो पन्नाशीपुढचे कलाकार घ्या. पुण्यात १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत विशीतली मुलं सगळ्या वयाच्या भूमिका करतात आणि अनेकदा थक्क करतात, पण तिथे सगळेच विशीतले असतात म्हणून डोळा सरावतो. सोसायटीच्या हॉलमध्ये केसांना पावडर लावलेला मुलगा 'माझे गुडघे' म्हणाला की मागच्या रांगेतले खरे गुडघे हसतात.

हौशी मंडळात एक अवघड जागा असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नटाची खरी बायको प्रेक्षकांत बसलेली असते आणि नटीचा नवरा साउंड सांभाळत असतो. पहिल्याच तालमीत स्पष्ट ठरवा की स्पर्श कुठे आणि किती. आमच्या अख्ख्या नाटकात स्पर्श एकदाच होतो. ती सुईत दोरा ओवू शकत नाही, चष्मा त्याच्याकडे आहे, आणि तो तिचा हात धरून सुई उजेडाकडे वळवतो. मिठीपेक्षा जास्त काम करतं ते. एका खऱ्या जोडप्यालाच घ्यायचा प्रयत्नही आम्ही केला होता. तालमीतलं भांडण घरी गेलं आणि घरचं तालमीत आलं. नको.

साठीच्या कलाकारांना पाठांतराला वेळ लागतो, म्हणून सहा आठवडे धरा: पहिले दोन नुसतं वाचन, पुढचे दोन हातात संहिता घेऊन हालचाली, मग वस्तूंसकट. डबे, चष्मा, पेपर हे खरेच आणा आणि पाचव्या आठवड्याच्या आत आणा. डब्याचं झाकण घट्ट बसलं तर काय करायचं हे प्रयोगात शिकण्यासारखं नाही. कुकरची शिट्टी रेकॉर्ड केलेली वापरा आणि साउंडवाल्याला सांगून ठेवा की हशा पूर्ण ओसरल्याशिवाय दुसरी शिट्टी नाही.

कागदपत्रं थोडक्यात. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्पर्धेचा विचार असेल तर हे काम तालमी सुरू होतानाच करा. संहिता दुसऱ्या लेखकाची असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती संपते. पार्श्वभूमीला जुनं भावगीत वाजवायचा मोह तसाही टाळा. सहा सेकंदांत प्रेक्षक स्वतःच्या आठवणीत जातो आणि तुमचं जोडपं एकटं पडतं.

शेवटचं मिनिट

हे मिनिट स्वतंत्र तालमींत बसवा. सुलभा कोड्यात डोकं घालून बसलीय. मधुकर चहा करायला उठतो. 'साखर' लिहिलेला डबा उघडतो, त्यात रवा. 'रवा' उघडतो, त्यात शेंगदाणे. तो झाकणं लावतो, कमरेवर हात ठेवून रांगेकडे बघत राहतो. विचारत नाही. सुलभा मान वर करत नाही. पेन्सिल चालू आहे.

सुलभा : मधुकर, तिसरा. 'मेथी' लिहिलंय तो.

बाईंनी हे वाक्य कसं म्हणायचं? पाण्याच्या टाकीबद्दल म्हणतात तसं. नावावर जोर नाही, आधी थांबणं नाही, लाजणं तर मुळीच नाही. आमच्या तिसऱ्या प्रयोगात बाईंनी नावापाशी किंचित थांबून प्रेक्षकांकडे बघितलं, टाळी आली, आणि आम्हा सगळ्यांना कळलं की आज गेलं. मधुकरचा हात हवेत थांबतो. तो मागे वळत नाही, पाठच दिसते. मनात चार अंक मोजायचे. मग तो 'मेथी'चा डबा खाली घेतो, झाकण उघडतो, चिमूटभर साखर जिभेवर ठेवून बघतो. प्रकाश घालवणाऱ्याने नटीकडे बघायचं नाही, झाकणाकडे बघायचं. झाकण पुन्हा बसल्याचा आवाज आला की मगच दिवे.